घर चालवणाऱ्या आज्ञावलीची पारख



ज्या गुरुवर्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या वर्गात बसण्याचे भाग्य मला लाभले. पदार्थविज्ञानाचा एखादा नियम फळ्यावर लिहून झाला की ते विचारीत, हे खरे कशावरून? पुस्तकात छापले आहे, हे उत्तर त्यांना चालत नसे. आज मी निवडलेला विषय त्यांच्या काळी अस्तित्वातच नव्हता. परंतु त्यांचा प्रश्न त्याला जसाच्या तसा लागू पडतो. या व्यासपीठावर मला बोलावल्याबद्दल मी संस्थेचा ऋणी आहे.

घरातील दिवे, पंप, गिझर, कुलपे आणि कॅमेरे चालवणारी मुक्त-स्रोत आज्ञावली सुरक्षित आणि चांगली आहे की नाही, हे कसे ओळखावे, हा आजचा विषय आहे. यंत्रांच्या नियंत्रण-आज्ञावलींची चाचणी घेणे हा माझा तीस वर्षांचा व्यवसाय. तरीही आज मी तज्ज्ञांच्या परिषदेत बोलतो तसे बोलणार नाही. ज्यांच्या घरात ही आज्ञावली चालणार आहे, त्यांच्याशी मला बोलायचे आहे.

हा विषय आपला का आहे?

आपल्या शाळेच्या माजी विद्यार्थ्यांची यादी चाळली तर एक गोष्ट ध्यानात येते. मुले पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशी आहेत आणि आई-वडील रामबागेत, लोकमान्यनगरात, सुदामानगरात आहेत. इंदूरला नर्मदेचे पाणी १९७८ साली आले. सुमारे ७० किलोमीटरवरच्या जलूदहून ते उचलून आणले जाते आणि नळाला ठरावीक वेळीच येते. खालच्या हौदातून वरच्या टाकीत पाणी चढवण्यासाठी कोणीतरी वेळ सांभाळून पंप चालू करायचा आणि टाकी भरली की बंद करायचा, हा असंख्य घरांचा दिनक्रम आहे. सत्तरी ओलांडलेल्या माणसाला त्यासाठी जिना चढावा-उतरावा लागतो. सुट्टीत घरी आलेला मुलगा हे पाहतो, काही शे रुपयांचा रिले आणि एक छोटे नियंत्रक-पट्ट आणतो, महाजालावरून फुकट मिळणारी आज्ञावली त्यात भरतो आणि परत जाताना सांगतो, 'आई, आता पंप आपोआप चालेल.'

मुलाचा हेतू चांगला आहे, त्याची बुद्धीही चांगली आहे. पण त्या क्षणापासून त्या घराचे पाणी आणि त्या घरातील २३० व्होल्टचा प्रवाह कोणा अनोळखी माणसांनी लिहिलेल्या मजकुराच्या हाती गेला आहे. तो मजकूर कोणी तपासला, हा प्रश्न त्या घरात बहुधा विचारलाच जात नाही.

लायब्ररी म्हणजे काय?

संगणकाच्या व्यवहारात लायब्ररी म्हणजे तयार आज्ञावलींचा संग्रह. प्रत्येकाने प्रत्येक गोष्ट नव्याने लिहू नये म्हणून एकाने लिहिलेला भाग दुसरा आपल्या कामात वापरतो. हा संग्रह मुक्त-स्रोत असेल तर त्याचा मूळ मजकूर कोणालाही वाचता येतो, बदलता येतो आणि पुढे देता येतो.

या क्षेत्रातील आजचा सर्वांत मोठा मुक्त-स्रोत प्रकल्प म्हणजे 'होम असिस्टंट'. पाउलुस स्कॉउट्सेन या डच तरुणाने २०१३ साली घरातील दिवे नियंत्रित करण्यासाठी पायथन भाषेत त्याची सुरुवात केली. २०२४ पासून तो 'ओपन होम फाउंडेशन' या ना-नफा संस्थेच्या स्वाधीन आहे. गिटहबच्या २०२४ च्या वार्षिक अहवालात योगदान देणाऱ्यांच्या संख्येत तो पहिल्या क्रमांकावर होता. या प्रकल्पाचा एक नियम आपल्या विषयाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. एखाद्या कंपनीच्या दिव्याशी किंवा पंपाशी प्रत्यक्ष बोलणारा भाग मुख्य प्रकल्पात ठेवत नाहीत. तो स्वतंत्र लायब्ररी म्हणून पायथनच्या सार्वजनिक भांडारात प्रसिद्ध करावा लागतो. याचा अर्थ असा की मुख्य प्रकल्पामागे हजारो लोक असले, तरी आपल्या घरातील विशिष्ट उपकरणाशी बोलणाऱ्या छोट्या लायब्ररीमागे कित्येकदा एकच माणूस असतो. नाव मोठ्या प्रकल्पाचे असते आणि भार त्या एका माणसाच्या खांद्यावर असतो. म्हणून पारख करायची ती त्या छोट्या लायब्ररीचीही करावी लागते.

मजकूर उघडा आहे, एवढे पुरेसे आहे काय?

मुक्त-स्रोत आज्ञावलीच्या बाजूने नेहमी सांगितले जाते की ती सर्वांसमोर असल्यामुळे तिच्यातील दोष लपून राहत नाहीत. या म्हणण्यात तथ्य आहे. पण ते अर्धेच आहे. वाचनालयात ग्रंथ ठेवला म्हणजे तो कोणी वाचला असे होत नाही.

२०२३ च्या मार्चमध्ये होम असिस्टंटच्या 'सुपरवायझर' या भागातील एक दोष जाहीर झाला. परवलीचा शब्द नसतानाही बाहेरच्या माणसाला घराच्या नियंत्रणात शिरता येईल असा तो दोष होता, आणि गांभीर्याच्या मापनात त्याला दहापैकी दहा अंक मिळाले. २०१७ साली तो भाग अस्तित्वात आला तेव्हापासून दोष त्यात होता. मजकूर सहा वर्षे जगासमोर उघडा होता आणि दोषही त्याच्यासोबत सहा वर्षे तेथेच होता. शेवटी तो सापडला तो एका सुरक्षा-संशोधन संस्थेतील अभ्यासकाने मुद्दाम शोधला म्हणून. त्यानंतर मात्र प्रकल्पाने जे केले ते प्रशंसनीय आहे. दुरुस्ती तातडीने काढली, दोष स्वतःहून जाहीर केला, किती काळ होता तेही सांगितले. त्याच वर्षी बर्लिनच्या 'क्युअर-५३' या संस्थेला मोबदला देऊन त्यांनी आपल्या आज्ञावलीची तपासणी करवून घेतली. तीत तीन अतिगंभीर दोष निघाले. ते सप्टेंबर २०२३ च्या आवृत्तीत दूर झाले आणि तपासणीचा वृत्तांत लोकांसमोर ठेवला गेला. या तपासणीचा खर्च प्रकल्पाशी संलग्न सेवेची वर्गणी भरणाऱ्यांच्या पैशातून झाला, हेही लक्षात ठेवण्याजोगे आहे. तपासणी आपोआप होत नाही. तिच्यासाठी कोणीतरी वेळ किंवा पैसा द्यावा लागतो.

दुसरे उदाहरण २०२१ च्या जानेवारीतले. त्या वेळी दोष मुख्य प्रकल्पात नव्हते. वापरणाऱ्यांनी बाहेरून आणून जोडलेल्या अनेक पूरक भागांत होते. त्यांतून संगणकावरील फायली परक्याला वाचता येत होत्या. त्या पूरक भागांची तपासणी मुख्य प्रकल्प करीत नसे, आणि तसे सांगितलेलेही होते. लोकांनी मात्र एकावरचा विश्वास दुसऱ्यावर नेऊन ठेवला होता.

तिसरे उदाहरण अधिक विचार करायला लावणारे आहे. २९ मार्च २०२४ रोजी आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याने 'एक्सझेड' नावाच्या लायब्ररीत मुद्दाम पेरलेला चोरदरवाजा उघडकीस आणला. फायलींचा आकार कमी करणारी ही साधी लायब्ररी लिनक्सवर चालणाऱ्या असंख्य संगणकांत असते, आणि घराचे नियंत्रण करणारा संगणकही बहुधा लिनक्सवरच चालतो. तिचा मूळ सांभाळकर्ता एकटा आणि थकलेला होता. एका टोपणनावाच्या व्यक्तीने दोन वर्षांहून अधिक काळ चांगले काम करून त्याचा विश्वास संपादन केला आणि मग विष कालवले. विशेष म्हणजे त्या विषाचा एक आवश्यक भाग सर्वांना दिसणाऱ्या मजकुरात नव्हताच; तो वितरणासाठी बांधलेल्या गाठोड्यात होता. फ्रॉइंडला संशय आला तो दूरस्थ प्रवेशाला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, या साध्या कुतूहलातून. केन थॉम्पसन यांनी १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ट्युरिंग पुरस्कार-व्याख्यानात हाच धोका सांगितला होता: मूळ मजकूर निर्दोष दिसत असला तरी त्यापासून बनलेली वस्तू निर्दोष असेलच असे नाही.

सराफ्यातील धडा

आपण इंदूरकर पारखीच्या व्यवहाराला अपरिचित नाही. आपल्या सराफ्यात रात्री खवय्यांची गर्दी होते, पण दिवसा तेथे सोने पारखले जाते. पूर्वी सोनार कसोटीच्या काळ्या दगडावर रेघ ओढून आम्लाने कस पाहत असे. त्यातून पृष्ठभागाचे सोने कळे. आतला मुलामा किंवा डाक कळत नसे. म्हणून ग्राहक दगडावर आणि सोनार या व्यक्तीवर मिळून विश्वास ठेवी. जून २०२१ पासून टप्प्याटप्प्याने हॉलमार्क सक्तीचा झाला आणि एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर सहा अक्षरांकांची स्वतंत्र खूण आवश्यक झाली. त्या खुणेवरून दागिन्यावर हॉलमार्क कोणत्या सराफाने करवून घेतला आणि तो कोठे तपासला, हे शोधता येते.

होम असिस्टंटनेही आपल्या जोडभागांसाठी अशीच एक श्रेणी केली आहे. तिच्या पायऱ्यांची नावे ऐकून आपल्याला सराफ्याची आठवण व्हावी: कांस्य, रौप्य, सुवर्ण आणि प्लॅटिनम. २०२४ च्या अखेरीस तिची नव्याने मांडणी झाली. कांस्य ही किमान पायरी. रौप्य श्रेणीसाठी त्या भागाची जबाबदारी घेणारा सक्रिय माणूस असावा लागतो, जोडणी तुटल्यास ती सावरता यावी लागते आणि आज्ञावलीचा ९५ टक्क्यांहून अधिक भाग स्वयंचलित चाचण्यांनी व्यापलेला असावा लागतो. वरच्या श्रेणी त्याहून काटेकोर आहेत.

ही व्यवस्था उपयुक्त आहे आणि प्रत्येकाने आपल्या उपकरणाची श्रेणी पाहून घ्यावी. पण तिची मर्यादाही ओळखावी. हॉलमार्क सोन्याची शुद्धता सांगतो. साखळीचा फासा निसटेल की नाही, हे सांगत नाही. त्याचप्रमाणे प्लॅटिनम श्रेणी आज्ञावली नीटनेटकी आणि कार्यक्षम असल्याचे सांगते. तिच्या हाती आपला पंप देणे सुरक्षित आहे की नाही, हे सांगत नाही. तो निर्णय घर पाहूनच घ्यावा लागतो.

पाच प्रश्न

एका आप्तांच्या घरी पंपासाठी लावावयाच्या अशाच एका लायब्ररीची तपासणी मी केली. तिचे नाव येथे सांगण्याचे कारण नाही, कारण तिच्यासारख्या अनेक आहेत. त्या वेळी मी स्वतःला जे प्रश्न विचारले, ते पाच प्रश्न आपल्यासमोर ठेवतो. त्यांपैकी पहिल्या तिघांची उत्तरे शोधण्यासाठी आज्ञावली लिहिता येण्याची गरज नाही.

पहिला प्रश्न: हिला सांभाळते कोण? मी पाहिलेल्या लायब्ररीचा कर्ता एकच होता आणि शेवटचा बदल दोन वर्षांपूर्वीचा होता. एकटा माणूस असणे हा दोष नव्हे. पण तो आजारी पडला, नोकरीत गुंतला किंवा कंटाळला तर पुढे काय, याचे उत्तर हवे. एक्सझेडच्या प्रकरणात घाव या ठिकाणीच बसला.

दुसरा प्रश्न: दोष कळवला तर काय होते? दोष कोठे कळवायचा याची सूचना आहे काय, पूर्वी कळवलेल्या दोषांना उत्तर मिळाले काय, दुरुस्तीची नोंद प्रामाणिकपणे ठेवली जाते काय, हे कोणालाही वाचून पाहता येते. ज्या लायब्ररीच्या इतिहासात एकही दोष नोंदलेला नाही, तिच्याविषयी मी अधिक सावध होतो; ती निर्दोष असण्यापेक्षा न वापरलेली किंवा न तपासलेली असण्याचा संभव जास्त असतो.

तिसरा प्रश्न: हिच्या आत आणखी काय काय आहे? प्रत्येक लायब्ररी दुसऱ्या दहा लायब्रऱ्यांवर उभी असते. त्यांची घटकसूची ठेवावी असे मार्गदर्शन भारत सरकारच्या 'सर्ट-इन' या संस्थेने ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. लोणच्याच्या बरणीवर आपण घटकपदार्थ वाचतो. येथेही तेच करायचे आहे. 'ओपन सोर्स सिक्युरिटी फाउंडेशन'चे 'स्कोअरकार्ड' नावाचे साधनही आहे. बदल दुसऱ्या कोणी तपासतो काय, प्रकाशनावर स्वाक्षरी असते काय, अशा बाबी पाहून ते शून्य ते दहा गुण देते. परीक्षेतील गुणांना आपण जेवढे महत्त्व द्यावे, तेवढेच या गुणांना द्यावे.

चौथा प्रश्न: चाचण्या कशाच्या आहेत? चाचण्या आहेत एवढ्यावर समाधान मानू नये. सगळे सुरळीत असताना आज्ञावली चालते, हे दाखवणाऱ्या चाचण्या सगळेच लिहितात. वीज गेली, संदेश अर्धाच पोहोचला, घड्याळ चुकले, तर काय होते, याच्या चाचण्या आहेत काय, हे पाहावे.

पाचवा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा: ही बिघडली तर घर कोणत्या अवस्थेत राहते? याचे उत्तर देताना थोडा तांत्रिक तपशील सांगणे भाग आहे. अशी अनेक उपकरणे 'एमक्यूटीटी' नावाच्या संदेशपद्धतीने बोलतात. तेलाच्या नळवाहिन्यांवर उपग्रहाद्वारे देखरेख ठेवण्यासाठी ती १९९९ साली निर्माण झाली. तिच्यात शेवटचा संदेश मध्यस्थ संगणकात जपून ठेवण्याची आणि नव्याने जोडल्या गेलेल्या उपकरणाला तो लगेच देण्याची सोय आहे. सोय चांगली आहे. पण ती आज्ञेसाठी वापरली तर काय होते पाहा. 'पंप चालू' हा संदेश जपला गेला, तेवढ्यात वीज गेली. घरातील मंडळी झोपली. पहाटे तीनला वीज आली, नियंत्रक जागा झाला, त्याला जपलेला संदेश मिळाला आणि पंप सुरू झाला. खालच्या हौदात पाणी नसेल तर तो कोरडा फिरत राहील. मी तपासलेल्या लायब्ररीत नेमके हेच घडत होते, आणि पंप जास्तीत जास्त किती मिनिटे चालावा यालाही मर्यादा नव्हती. मी तिच्या कर्त्याला तसे सविस्तर कळवले, सुचवलेली दुरुस्ती सोबत पाठवली आणि त्याने ती आठवड्याभरात स्वीकारली. मजकूर उघडा असण्याचा खरा लाभ हा आहे. बंद पेटीत हा दोष मला दिसलाच नसता, आणि दिसला असता तरी दुरुस्त करता आला नसता.

आज्ञावलीच्या पलीकडची सुरक्षितता

आता विजेच्या बाजूकडे वळू. बाजारात मिळणाऱ्या छोट्या रिलेवर १० अँपिअर असे लिहिलेले असते. ती क्षमता दिव्यासारख्या साध्या भारासाठी असते. पंपाची मोटर सुरू होताना तिच्या नेहमीच्या प्रवाहाच्या कितीतरी पट प्रवाह क्षणभर ओढते. त्या ठिणगीने रिलेचे संपर्कबिंदू कालांतराने एकमेकांना चिकटू शकतात. मग आज्ञावली 'बंद' म्हणते, पडद्यावर 'बंद' दिसते आणि पंप चालूच राहतो. जगातील सर्वोत्तम लायब्ररीसुद्धा येथे काही करू शकत नाही.

म्हणून अभियांत्रिकीत जुना दंडक आहे: सोयीचे नियंत्रण आणि जिवाचे संरक्षण एकाच हाती देऊ नये. घरगुती स्वयंचलित नियंत्रकांसाठीच्या 'आयईसी ६०७३०' या आंतरराष्ट्रीय मानकात आज्ञावलीचे तीन वर्ग केले आहेत. पहिल्या वर्गातील आज्ञावलीवर सुरक्षितता अवलंबून नसते. दुसऱ्या वर्गाने उपकरणाला असुरक्षित अवस्थेत जाण्यापासून रोखायचे असते, आणि तिसरा वर्ग स्फोटासारखे विशेष धोके टाळण्यासाठी असतो. महाजालावरून उतरवून घेतलेल्या लायब्ररीला आपण पहिल्या वर्गाच्या वर कधीही बसवू नये. पंपाला योग्य क्षमतेचा कॉन्टॅक्टर हवा, कोरडा चालल्यास तोडणारे स्वतंत्र साधन हवे, टाकीत साधा तरंगता स्विच हवा. गिझरचा स्वतःचा थर्मोस्टॅट आणि उष्णतारोधक तोड कधीही काढू नये. घरात एमसीबी आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी असावा. आणि भिंतीवरचा हाताने चालणारा स्विच जागेवर राहावा. ज्या घरात आजीला दिवा लावण्यासाठी नातवाला फोन करावा लागतो, त्या घरातील यंत्रणा मी नापास करीन, मग तिची आज्ञावली कितीही सुंदर असो.

याच्याशी जोडलेला आणखी एक मुद्दा आहे. पंप कधी चालला, दिवा कधी मालवला, दार किती वाजता उघडले, या नोंदींतून घरातील माणसांचा दिनक्रम उभा राहतो. घर रिकामे केव्हा असते, तेही त्यांतून कळते. या नोंदी घरातच राहतात की बाहेर जातात, हा सुरक्षिततेचाच प्रश्न आहे. आणि आई-वडिलांच्या खोलीत कॅमेरा बसवण्यापूर्वी त्यांची संमती घ्यावी, हे मला येथे मुद्दाम सांगावेसे वाटते. काळजीपोटी केलेली पाळतही शेवटी पाळतच असते.

मग बंद पेटी बरी काय?

एवढे ऐकल्यावर कोणी म्हणेल, त्यापेक्षा नामवंत कंपनीची बंद पेटी घ्यावी. अनुभव तसे सांगत नाही. २०१६ साली 'मिराई' नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यात घातलेले परवलीचे शब्द न बदललेले लाखो कॅमेरे आणि राउटर ताब्यात घेतले आणि त्या वर्षी २१ ऑक्टोबरला अमेरिकेतील मोठमोठी संकेतस्थळे काही तास कोलमडली. त्याच वर्षी 'रिव्हॉल्व्ह' नावाची घरगुती नियंत्रणपेटी तिच्या मालक कंपनीने सेवा थांबवल्यामुळे निकामी झाली. २०२२ च्या एप्रिलमध्ये 'इन्स्टिऑन' या कंपनीची सेवा अचानक बंद पडली. तेव्हा अनेक ग्राहकांनी होम असिस्टंटच्या साहाय्याने आपली उपकरणे पुन्हा चालती केली. बंद पेटीत दोष नसतात असे नाही, ते आपल्याला दिसत नाहीत एवढेच.

उलट बाजूनेही सावध राहावे. ज्या ईएसपी-३२ या चिपवर अशी अनेक घरगुती साधने चालतात, तिच्यात चोरदरवाजा सापडल्याची बातमी मार्च २०२५ मध्ये एका स्पॅनिश संस्थेच्या संशोधनावरून जगभर गेली. ही चिप बनवणाऱ्या एस्प्रेसिफ कंपनीचे एक केंद्र आपल्या पुण्यात आहे. पुढे त्या संशोधकांनीच 'चोरदरवाजा' हा शब्द मागे घेतला. त्या कागदोपत्री न नोंदलेल्या आज्ञा होत्या आणि केवळ त्यांच्यामुळे दुरून कोणाला आत शिरता येत नव्हते. आरोपाचीही पारख पुराव्यानेच करायची असते. भीती हे परीक्षणाचे साधन नव्हे.

शासनाने आपल्या परीने काही पावले उचलली आहेत. एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्ही कॅमेऱ्यांना सुरक्षिततेच्या चाचण्या आवश्यक झाल्या. परंतु मुलाने घरी बसून जोडलेल्या रिलेची आणि त्यातील फुकट लायब्ररीची तपासणी करायला कोणताही निरीक्षक येणार नाही. अशा आज्ञावलीच्या परवान्यात बहुधा स्पष्ट लिहिलेले असते की ती 'जशी आहे तशी' दिली आहे आणि कर्त्यावर कोणतेही दायित्व नाही. हे वाक्य वाचून रागावण्याचे कारण नाही. ज्याने आपल्याला फुकट दिले, त्याने तपासणीची जबाबदारी आपल्यावर सोपवली आहे, एवढाच त्याचा अर्थ आहे.

शाळेला एक विनंती

ती जबाबदारी उचलणार कोण? माझ्या मते शाळेने तिचा एक छोटा वाटा उचलावा. आपल्या इंदुरात अभियांत्रिकी महाविद्यालये आहेत, आयआयटी आहे, राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्र आहे. मार्गदर्शनाची उणीव पडणार नाही. शाळेच्या विज्ञान मंडळाने दरवर्षी घरात वापरली जाणारी एकच छोटी लायब्ररी निवडावी. नववीच्या मुलांनी वर सांगितलेले पाच प्रश्न तिला विचारावेत. बारा व्होल्टच्या बॅटरीवर, म्हणजे घरच्या विजेला हात न लावता, वीज गेली आणि आली तर काय होते, जोडणी तुटली तर काय होते, हे प्रत्यक्ष पाहावे. जे आढळले ते मराठीत आणि हिंदीत चार पानांत लिहावे. दोष सापडला तर आधी कर्त्याला सभ्यपणे कळवावा, त्याला दुरुस्तीला अवधी द्यावा आणि मगच गाजावाजा करावा. काही चांगले आढळले तर तेही लिहावे आणि त्याला आभाराचे पत्र पाठवावे. एकट्याने काम करणाऱ्याला अशा पत्राने किती बळ येते, हे मी जवळून पाहिले आहे.

माजी विद्यार्थ्यांनाही माझे एक सांगणे आहे. आपल्यापैकी पुष्कळजण संगणकक्षेत्रात आहेत. आई-वडिलांच्या घरी जी आज्ञावली आपण बसवली आहे, तिची ही तपासणी येत्या सुट्टीत करावी. मुख्य स्विच बंद करून पुन्हा चालू करावा आणि अर्धा तास शेजारी बसून काय होते ते पाहावे. कोणती वस्तू कशाने चालते आणि बिघडल्यास हाताने कशी चालवायची, हे एका कागदावर मोठ्या अक्षरांत मराठीत लिहून वीजमीटरजवळ लावावे. आणि ज्या लायब्ररीच्या भरवशावर आपले आई-वडील पाणी भरतात, तिच्या सांभाळकर्त्याला वर्षातून एकदा काही वर्गणी किंवा काही तास द्यावेत.

दुसऱ्यांनी खपून लिहिलेले आपल्या हाती विनामूल्य येत आहे, ही आपल्या काळाची मोठी देणगी आहे. तिचा स्वीकार डोळे उघडे ठेवून करावा, एवढेच मला आज सांगायचे होते.